रंगखात्यातली शेवटची हाक

१

"ही आईची टेप नाहीये!"

इन्केरीचा आवाज अख्ख्या रंगखात्यात घुमला तेव्हा केर्त्तू कॉफी ओतत होती. कपात पडायची ती कॉफी बशीत पडली. मध्यंतराची गडबड एकदम थांबली आणि हातात वेलचीचा पाव, पायांत नुसते लोकरीचे मोजे अशी ती सगळी मंडळी माना वळवून बघायला लागली.

तांपेरे गावातल्या बंद पडलेल्या कापडगिरणीचं हे रंगखातं. गिरणी थांबून जमाना झाला, तरी भिंतींवरचे निळे-तांबडे डाग काही गेले नव्हते. दर ऑगस्टला एका संध्याकाळी इथे काळे पडदे लागायचे. लोक दारात बूट काढून जमिनीवरच्या गोधड्यांवर आडवे व्हायचे, आणि मग छतापासून पायांपर्यंत रंग वाहायला लागायचे. त्या रंगांतून आवाज यायचे, नळांचे, पत्र्यांचे, तारांचे. गावातले निम्मे लोक याला कला म्हणायचे. बाकीचे म्हणायचे, या लोकांना घरी काही कामं नाहीत का? केर्त्तू पहिल्या वर्षी या दुसऱ्या गटात होती. मग धाकट्या बहिणीसाठी म्हणून कॉफीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली, ती राहिलीच.

धाकटी म्हणजे हेल्वी. ती काही गायिका नव्हती. गाईगुरांच्या घरातली पोर, तळ्याकाठी उभं राहून लांबवरच्या गाईला हाक मारायची जुनी तऱ्हा तेवढी तिच्या गळ्यात होती. "येऽ गं येऽ, मान्सिक्कीऽऽ!" तिच्या नवऱ्याने, तौनोने, एका उन्हाळ्यात ती हाक टेपवर घेतली आणि टेपची दोन टोकं जोडून तिचा लांबलचक फेरा केला. तो फेरा माइकच्या स्टँडांवरून साऱ्या दालनाला वळसा घालून यंत्रात परत यायचा, की हाक पुन्हा सुरू. त्याच हिवाळ्यात हेल्वी गेली. तेव्हापासून दर ऑगस्टला तीच टेप आणि तीच हाक. दर वर्षी ती जरा मंद, जरा घोगरी व्हायची, कारण फिरताना टेप झिजते.

आजची संध्याकाळ शेवटची होती. गिरणीत आता दुकानं निघणार होती. तौनोने वसंतातच सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं होतं, शेवटच्या कार्यक्रमात, उत्तरार्धाला, टेपच्या वाटेत घासकागद लावायचा. प्रत्येक फेऱ्याला आवाज खरवडला जाईल आणि संपेल. "हाक या जागेची आहे. जागा गेली की तीही जाईल," असं तो म्हणाला आणि पेपरात तसं छापूनही आलं. इन्केरीने, त्याच्या एकुलत्या एका लेकीने, रडून रडून सांगितलं, नका करू. बाप हलला नाही. लेक तुर्कूला शिकत होती, तिने घरी फोन करणं बंद केलं. तरी आज आली होती, आईला शेवटचं ऐकायला.

आणि आता ती स्टँडपाशी उभी होती, टेप दोन बोटांत धरून.

"आईची टेप तपकिरी होती. ही बघा, काळी कुळकुळीत! कुणी बदलली?"

तौनो कॉफीचा कप घेऊन तसाच पुढे गेला. त्याने टेपकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला.

"हो," तो एवढंच म्हणाला. "टेप बदललेली आहे."

२

पुढचं व्हायचं ते झालं. लोकांची कुजबुज सुरू झाली आणि ती फिरत फिरत इन्केरीवर येऊन थांबली. टेप वाचावी म्हणून कोण रडलं होतं? तीच ना!

"बाबा," इन्केरी म्हणाली, "तुम्ही सांगा यांना. मी नाही घेतली. सांगा ना!"

तौनोने कपात बघितलं. कपात जणू काही लिहिलेलंच होतं.

"बाबा!"

मौन पाळण्यात या देशातल्या पुरुषांचा हात कुणी धरणार नाही, पण त्यातही तौनो म्हणजे कहर. इन्केरीचे डोळे भरून आले.

"ठीक आहे. म्हणजे तुमचाही तोच समज. मी निघते. पुन्हा या गावात पाय ठेवला तर नाव बदलेन."

केर्त्तूने तिचा दंड धरला. केर्त्तूचा उभा जन्म पोलिसांच्या चोरी-तपास खात्यात गेला होता. निवृत्त झाली तरी तिने दंड धरला की माणूस थांबायचं.

"एक किटली," ती म्हणाली.

"काय मावशी?"

"कॉफीची नवी किटली चढवते. ती उकळेपर्यंत थांब. तोवर मी तुझ्या आईची टेप शोधून देते. नाही सापडली तर जा खुशाल, मी स्वतः स्टेशनवर सोडीन."

"आणि सापडली की ते खरवडून टाकणार!"

"ते मग बघू. आधी तुझ्यावरचं बालंट जाऊ दे."

इन्केरी दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली, बुटांच्या मांडणीशेजारी. ती मांडणी केर्त्तूच्या ताब्यातली. कोण कुठल्या मोज्यांत आलंय, कुणाचे मोजे अंगठ्याशी फाटलेत, सगळं तिला ठाऊक. मांडणीच्या वरच्या फळीवर दर वर्षीसारखे हेल्वीचे जाड नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे बूट होते. तौनो ते घरून आणायचा आणि तिथे ठेवायचा. जणू हेल्वी आतच आहे, मोज्यांवर हिंडतेय. यंदा त्या बुटांच्या तोंडाशी लोकरीचे मोजे कोंबलेले होते. कसरीची भीती असेल, असं केर्त्तूला आल्या आल्या वाटलं होतं. मोजे तिनेच हेल्वीसाठी विणलेले, लाल काठाचे. मग तिने नजर दुसरीकडे वळवली होती.

किटली चढली. केर्त्तूने तौनोला एकच गोष्ट विचारली, "टेप लावली कधी?"

"दुपारी. मग सौनाला गेलो, नेहमीसारखा. घाम काढून, अंघोळ करून संध्याकाळी आलो."

"मधल्या वेळात दालनात कोण कोण होतं?"

"लेम्पी. टोर्स्टेन." तो घुटमळला. "आणि इन्केरी."

३

लेम्पी त्या रंगांची मालकीण. काचेच्या उथळ ताटल्यांत तेल आणि रंगीत पाणी ओतायची, ताटल्या दिव्यावर धरून हलवायची आणि साऱ्या दालनावर ढग लोटायची. तिची बोटं कायमची जांभळी. हेल्वीची शाळेपासूनची मैत्रीण.

"मी बदलली असती तर बरंच झालं असतं," ती ताटली पुसता पुसता म्हणाली. "पण मला ते टेपचं काही कळत नाही गं. मी आपली भांडी घासणारी बाई."

"संध्याकाळी काही वेगळं वाटलं?"

लेम्पी थांबली. "खरं सांगू? हसशील."

"मी हसते कधी?"

"तेही खरं. बघ, हाकेच्या शेवटाला मी नारिंगी ओतते. ओतते म्हणजे काय, गेली कितीतरी वर्षं मला तो शेवट ऐकूच येत नाही. झिजून गेलाय. मग मी तौनोकडे बघते, तो मान हलवतो, मी ओतते. आज मान हलवायच्या आधीच माझा हात गेला. मला ऐकू आलं, केर्त्तू! हाक संपते आणि मग ती हसते. एवढंसं हसू. आठवतं तुला? मी तर विसरूनच गेले होते. आज हेल्वी तरुण वाटत होती." तिने जांभळ्या बोटांनी डोळे पुसले आणि गालावर डाग पाडून घेतला.

केर्त्तूनेही ते ऐकलं होतं. किटलीशी उभी असताना तिला वाटलं होतं, आपलं वय झालं, आता नाही ते कानांत वाजायला लागलं.

टोर्स्टेन मात्र अंगावरच आला. तो ध्वनिसंग्रहालयाचा माणूस. चष्मा, टाय, आणि मोजे मात्र दोन जातींचे. हाक आपल्या संग्रहात यावी म्हणून तो वर्षानुवर्षं तौनोच्या मागे लागला होता.

"माझी पिशवी बघायची असेल तर बघा!"

"बघणारच आहे," केर्त्तू म्हणाली आणि तिने पिशवी उपडी केली. आतून घरंगळत आलं ते तपकिरी टेपचं रीळ.

टोर्स्टेन लालबुंद झाला.

"ही... ही हाक आहे, पण मूळ नाही! गेल्या ऑगस्टला माझा माइक लावून ठेवला होता, तेव्हा भरून घेतली. तौनोला न सांगता. त्याला नक्कल केलेली खपत नाही, तुम्हाला माहीत आहे. आज त्याला मी ती द्यायला आणली होती. म्हटलं, मूळ जाणार तर हे तरी घरी असू दे."

"वाजवा."

त्याच्या छोट्या यंत्रावर हाक वाजली. घोगरी, धुक्यातून आल्यासारखी. शेवट आला आणि गेला. हसू नव्हतं.

"मावशी," इन्केरी बाकावरून म्हणाली, "माझ्याकडेही आहे. तीन वर्षांपूर्वी चोरून भरून घेतलेली." तिने वॉकमन पुढे केला. केर्त्तूने कानाला लावला. इथे आवाज थोडा उजळ होता. पण हसू नव्हतंच.

किटली कुरकुरायला लागली होती.

४

केर्त्तू यंत्रापाशी जाऊन उभी राहिली. विचार करायचा तर जिथे घडलं तिथे उभं राहायचं, ही तिची जुनी खोड. हसू तीन वर्षांपूर्वीच्या नकलेत नाही. म्हणजे तेव्हाच ते झिजून गेलेलं. काळ्या टेपवर मात्र ते लख्ख आहे. तेव्हा काळी टेप भरली गेली ती अगदी सुरुवातीला, आवाज ताजा असताना. त्या वेळी इन्केरी दुधाच्या दातांची पोर. टोर्स्टेनला या गावात कुणी ओळखतही नव्हतं. लेम्पीला टेप लावता येत नाही. आणि मूळ टेप होती कुठे? तौनोच्या कपाटात.

"छे!" ती स्वतःशीच पुटपुटली. तौनोच तर म्हणायचा, नक्कल म्हणजे जेवणाचा फोटो. त्याने नक्कल केली, आणि कुणाला सांगितलं नाही?

यंत्रावर एक जॅमची बरणी होती. ती सगळ्यांच्या ओळखीची. फिरत्या टेपची तपकिरी पूड यंत्राला लागते, आणि दर वेळी वाजवून झालं की तौनो कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून ती पुसून घ्यायचा. ती तपकिरी काडी मात्र टाकायचा नाही. बरणीत ठेवायचा. एकदा केर्त्तूने विचारलं होतं, हा काय वेडेपणा? तो म्हणाला होता, "ही पूड म्हणजेच तिचा आवाज आहे. ती मी केरात कशी टाकू?" त्या दिवशी केर्त्तू घरी जाऊन खूप रडली होती. तोवर तिला वाटायचं, बहिणीसाठी रडणारे आपण एकटेच.

आता तिला दिसलं ते मध्यंतराच्या सुरुवातीचं दृश्य. दिवे लागले. तौनोने सवयीने यंत्र पुसलं. काडी हातात धरली, आणि कॉफीकडे येता येता टेबलाखालच्या केराच्या डब्यात टाकली. तिच्या डोळ्यांदेखत! आणि तिने काय केलं? "दूध घालू का?" म्हणून विचारलं. चोरी-तपास खात्यातल्या बाईने!

ती डब्यापाशी वाकली. पावाचे तुकडे, कागद, आणि त्यांत ती काडी. कापूस पांढराशुभ्र, न झिजलेल्या टेपची पूड पडलीच नव्हती.

मागे किटलीचं झाकण उडायला लागलं. दाराशी इन्केरीने बुटाची नाडी बांधायला घेतली होती.

५

केर्त्तूने कपात कॉफी ओतली, बशीत ती पांढरी काडी ठेवली आणि तौनोसमोर धरली. तो गोधड्यांच्या ढिगावर एकटाच बसला होता.

"ही बरणीत का नाही टाकलीस?"

तौनोने काडीकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं, हिच्यावर हेल्वी नाही," केर्त्तू हळूच म्हणाली. "बाकी कुणाला माहीत नव्हतं. टेप काळी आहे हे कळायच्या आधीच तू काडी केरात टाकलीस. आणि तसं बघितलं तर तू खोटंही बोलला नाहीस. 'टेप बदललेली आहे' म्हणालास. कुणी, ते तुला विचारलंच नाही कुणी."

"घासकागदसुद्धा आणला होता मी," तौनो म्हणाला. "काल रात्री टेपवर एकदा धरून बघणार होतो. नाही गं झालं. हातच उचलवेना. म्हटलं, नक्कल लावू. अंधारात कोण बघतंय. ती खरवडू, लोक रडतील, घरी जातील. पोरगी मध्येच जाऊन टेप हातात घेईल, हे कुठे माहीत होतं!"

"अरे पण नक्कल होती तर मूळ खरवडायला काय हरकत होती? आवाज तर उरलाच असता."

"आवाज नकलेवर आहे. पण मूळ टेपसमोर ती स्वतः उभी होती."

केर्त्तूला राग आला, आणि तो आला ते बरंच झालं.

"मग सांगायचं ना, नाही जमत म्हणून! कुणी फाशी देणार होतं?"

"शब्द दिला होता. सगळ्यांसमोर. पेपरात आला होता."

"जळ्ळा तुझा शब्द! त्या शब्दापायी लेकीला सगळ्यांसमोर चोर ठरू दिलंस! बघ तिकडे. एक बूट घालून झालाय तिचा. दुसरा घातला की ती गेली, आणि या वेळी ती खरंच जाईल. हेल्वीची पोर आहे ती. मी काही कुणाला सांगणार नाही. सांगायचं तर तूच सांग."

तौनो उठला. गुडघे धरून उठला, पण उठला. सगळ्यांच्या देखत मोज्यांवर चालत तो बुटांच्या मांडणीपाशी गेला. त्याने वरच्या फळीवरचे नमद्याचे बूट काढले, लाल काठाचे मोजे उपसले आणि बुटांच्या आतून तपकिरी टेपची गुंडाळी बाहेर काढली. मग लेकीसमोर जमिनीवर बसून ती तिच्या मांडीवर ठेवली.

"मीच बदलली," तो म्हणाला. मग मान वर करून, दालनाला ऐकू जाईल असं, "ऐका! टेप मी बदलली. माझ्या लेकीने नाही. मला तिला संपवता आलं नाही. मी शब्द मोडतोय."

लेम्पी मोठ्याने म्हणाली, "देवा रे, एकदाचा मोडला!" आणि मग हसूही फुटलं आणि रडूही.

इन्केरी हसली नाही. "बाबा, मी वसंतापासून एकटी रडतेय. एक फोन करता येत नव्हता?"

"येत होता," तौनो म्हणाला. "मला काय बोलायचं ते सुचत नव्हतं."

"आणि ते हसू? तुमच्याकडे आईचं हसणं होतं, आणि मला ते कधी ऐकवलं नाहीत?"

"मीही पुन्हा ऐकलं नव्हतं. भरून ठेवलं आणि कपाटात टाकलं. धीर होत नव्हता." त्याने तिच्या बुटाच्या सुटलेल्या नाडीला हात लावला. "ती का हसली माहीत आहे तुला?"

"कसं माहीत असणार?"

"मी तळ्याकाठी यंत्र लावून बसलो होतो. तिने मान्सिक्कीला हाक मारली, चांगली लांब. ती गाय कसली येतेय, ढिम्म चरत राहिली. आणि गवतातून धावत कोण आलं? तू. अनवाणी, तोंडाला बेरी फासलेल्या. म्हणालीस, 'आले, आले!' ते टेपवर नाही आलं, तू फार लांब होतीस. पण तुला बघून ती हसली. ते आलं."

इन्केरीने टेपची गुंडाळी दोन्ही हातांनी छातीशी धरली. केर्त्तू किटलीखालचा गॅस बंद करायला गेली. तिथे पाठ फिरवून उभी राहिली की माणसाला नाक शिंकरता येतं.

उत्तरार्ध सुरू झाला. घासकागद त्याच केराच्या डब्यात गेला. लेम्पीने दिवे घालवले, टोर्स्टेनने विचारलं, "आता भरून घेऊ का?" आणि तौनो म्हणाला, "घे बाबा, घे. हवं तेवढं घे." काळी टेप स्टँडांवरून फिरायला लागली. भिंतींवरच्या निळ्या-तांबड्या डागांवरून नवे रंग वाहिले. हेल्वीची हाक दालनाला वळसा घालून आली, "येऽ गं येऽऽ," आणि शेवटाला, नारिंगी उजेडात, ती हसली.

दाराशी इन्केरी अजून एकच बूट घालून बसली होती. तिने तो काढला, आईच्या नमद्याच्या बुटांशेजारी ठेवला आणि मोज्यांवर आत धावत गेली.